वधूचे मामा विमानाने येत आहेत

सापगावच्या कुंडलिक गोजरांना विमानात बसायची हौस होती असं कोणी सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्यांना हौस होती ती एवढीच, की बहिणीच्या गावी, मुरबाडकडच्या म्हशाला, तिच्या दारात वेळेवर आणि जरा ऐटीत उतरावं. विमान त्यात मागाहून शिरलं.

बहिणीचं नाव अंबूबाई. तिच्या मुलीचं, दिशाचं, वैशाखात लग्न होतं आणि मुहूर्त गोरजाचा होता. आता लग्नात नवरीच्या बापाला तसं काय काम असतं? तो पाण्याची पिंपं भरली का हे बघत मांडवभर फिरतो. खरं काम मामाचं. नवरी मांडवात येते ती मामाचा हात धरून, उभी राहते ती मामाला पाठीशी घेऊन, आणि अक्षता पडतात तेव्हा तिच्या अंगावर असते ती मामानं आणलेली पिवळी साडी. शालू, पैठणी काय असेल ते नंतर नेसा, अक्षता पिवळीवरच. आणि दिशाला मामा एकच होता.

तर झालं असं, की मुंबईच्या एका पर्यटन कंपनीच्या डोक्यात आलं की भातसा धरणाच्या पाण्यावरून विमान उडवावं आणि मुरबाडकडे बारवी धरणाच्या पाण्यावर उतरवावं. चाकांच्या जागी दोन लांबट होड्या बसवलेलं विमान. आधी एक चाचणी करायची, आणि आसपासच्या लोकांनी नाकं मुरडू नयेत म्हणून त्यांच्यातलाच एक जण, जोडीदारासकट, फुकट न्यायचा. ग्रामपंचायतीत चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली कुंडलिकरावांची, आणि चाचणीचा दिवस निघाला नेमका लग्नाचा.

बायको रंभा म्हणाली, "तुमी जा वरनं. मी टेम्पोतनं येते भांडी घेऊन. दोघांतलं येक तरी पोचलं पायजे."

"तू चल की जोडीनं."

"माझं सगलं आयुष्य जमिनीवर गेलंय. रायलेलं पन तिथंच जाऊंदे."

म्हणून जोडीदाराची जागा शेजारच्या धाकलूला मिळाली. धाकलू विमानातला जाणकार होता. म्हणजे तो मुंबईला विमानतळाबाहेर जिथं गाड्या लावतात तिथं राखणदार होता, आणि निवृत्त होईपर्यंत त्यानं विमानांची पोटं खालून बघितली होती. 'आमच्या विमानतळावर' अशी सुरुवात करून तो बोलायला लागला, की आळीत दुसरं कोणी बोलत नसे.

त्यानंतर आठवडाभर कुंडलिकरावांच्या ओट्यावर सल्ल्यांचा रतीब सुरू झाला. एक म्हणाला, विमानात उपाशी बसावं. दुसरा म्हणाला, पोटभर जेवून बसावं, म्हणजे पोट जड राहून हलत नाही. कोणी खिशात कांदा ठेवायला सांगितला, कोणी लिंबू. शेवटच्या दिवशी आळीतल्या एका म्हातारीनं आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बनियनच्या आत ठेवायला सांगितलं. का, असं विचारल्यावर म्हणाली, "वलख पटवाया बरं पडतं." त्या रात्री कुंडलिकरावांना झोप लागली नाही, पण सकाळी त्यांनी कार्ड पिशवीत घातलं.

एव्हाना मागं फिरायची सोय राहिली नव्हती. अंबूबाईनं ही बातमी अख्ख्या म्हशात केली होती. तिच्या दिरानं नाक्यावर मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर एका बाजूला कुंडलिकरावांचा मतदारयादीतल्यासारखा चेहरा, दुसऱ्या बाजूला एक भलं थोरलं परदेशी विमान, आणि मधे अक्षरं – 'वधूचे मामा विमानाने येत आहेत'. नवऱ्याकडच्यांनीही मान ठेवून बेंजो पार्टी बारवीच्या काठावर उभी करायचं कबूल केलं होतं. मामा पाण्यावर उतरले की तिथूनच वाजत गाजत मांडवात.

निघताना रंभानं हात पुढं केला. "साडी माज्याकडं द्या. मी नेते टेम्पोत."

"मामाची साडी मामाच्या हातात पायजे."

"हातात काय, विमानाच्या खिडकीत वालत घाला," रंभा म्हणाली आणि टेम्पोत चढली.

भातसानगरच्या पलीकडे काठावर कंपनीनं मांडव घातला होता. तिथं एका मुलीनं कुंडलिकरावांना काट्यावर उभं केलं आणि त्यांचं वजन मोठ्यानं वाचलं. गोजरांच्या घरचं भात पिढ्यान् पिढ्या तोललं गेलं होतं, पण घरचं माणूस चारचौघांत तोललं जायची ही पहिली वेळ. त्यांना ते लागलं. धाकलूला त्याहून जास्त लागलं, कारण त्याला वजनापायी आंब्यांची पिशवी खाली ठेवावी लागली. "आमच्या विमानतळावर असं नव्हतं," तो म्हणाला. साडीची पिशवी मात्र कुंडलिकरावांनी काट्यावरही छातीशी धरली होती आणि मुलीनं ती त्यांच्या वजनातच मोजली.

विमान चालवणारा पोरगा भिवंडीकडचा निघाला. नाव विपुल. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. कुंडलिकरावांनी त्याला गाव विचारलं, मग आईचं माहेर विचारलं, मग आत्या कुठं दिली ते विचारलं. आत्या पडघ्याला दिलेली आहे आणि त्या घरात सापगावची एक सून आहे हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. आता हे विमान परक्या माणसाच्या हातात नव्हतं.

विपुलनं दोघांच्या गळ्यात एकेक पिवळं जाकीट अडकवलं. "काका, ही लाल दोरी दिसते ना? ती ओढायची नाही. पाण्यात पडलो तरच ओढायची."

"पडनार हाव का?" धाकलूनं विचारलं.

"नाही हो. सांगायची पद्धत असते."

विमान पाण्यावरून धावत सुटलं, दोन वेळा उसळलं आणि वर गेलं. कुंडलिकरावांनी डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला. खाली भातसाचं पाणी उन्हानं आकसलं होतं आणि काठच्या डोंगरांना लाल मातीची किनार पडली होती. त्यांना वाटलं, आपण उगीच घाबरलो. त्यांनी दुसराही डोळा उघडला. तेवढ्यात समोरून बगळ्यांचा थवा आला. एक धप्प असा आवाज झाला आणि विमान म्हाताऱ्या म्हशीसारखं खोकायला लागलं.

"बगला व्हता," धाकलू म्हणाला. एवढं खात्रीचं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल.

विपुलनं काट्यांकडे बघितलं. बारवी राहू द्या, धरणाच्या भिंतीपर्यंतही मागं जाता येणार नव्हतं. खाली जलाशयाचा एक लांबचा फाटा डोंगरात शिरला होता. तो पटकन म्हणाला, "काका, तुम्ही इथले ना? इथं खाली पाणी खोल आहे का?"

आता इथं खरी गोष्ट सांगितली पाहिजे. त्या फाट्याकडे कुंडलिकराव जन्मात गेले नव्हते. सापगाव कुठं, तो डोंगर कुठं. पण खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला, नात्यातला निघालेला पोरगा त्यांना विचारत होता, आणि मागून धाकलू ऐकत होता. 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात.

"बुडाचा पत्ता नाय," ते म्हणाले.

विमान अलगद टेकलं. फार सुरेख टेकलं. चांगलं सरळ धावलं. मग पाण्याखालच्या कुठल्याशा जुन्या झाडाच्या खुंटानं डाव्या बाजूची होडी टरकन फाडली. विमान एका अंगावर कललं, गोल फिरलं, आणि पाण्यातून वर आलेल्या एका टेकाडाच्या चिखलात नाक खुपसून उभं राहिलं.

तिघंही धड होते. मग विपुलनं मागं वळून कुंडलिकरावांकडे नुसतं बघितलं.

"उन्हाल्यात पानी उतरतं," कुंडलिकराव म्हणाले.

गुडघाभर चिखलातून ते बाहेर आले. साडीची पिशवी कुंडलिकरावांनी डोक्यावर धरली होती. पायातली एक चप्पल चिखलात राहिली तिकडे त्यांनी बघितलंही नाही. टेकाडाच्या चारी बाजूंना पाणी. वर एक मोठा उंबर आणि त्याखाली शेंदूर फासलेले काही दगड. फोनला रेंज म्हणाल तर त्या उंबराखालीच, आणि तीही अंगठ्यावर उभं राहिल्यावर.

विपुलनं कंपनीला फोन लावला. कंपनीची बोट होती, नाही असं नाही. पण बोट चालवणारा मेहुणीच्या हळदीला गेला होता आणि चावी त्याच्या खिशात होती. चावी आणायला माणूस पाठवतो म्हणाले. मग साहेब फोनवर आला. त्यानं कोणाला लागलं का ते विचारलं, आणि मग विचारलं, विमान पाण्यात आहे की जमिनीवर?

"अर्धं अर्धं आहे सर."

अर्धं अर्धं चालणार नाही, साहेब म्हणाला. पाण्यातल्या नुकसानीचा विमा एकाकडे आहे आणि जमिनीवरच्या नुकसानीचा दुसऱ्याकडे. नीट बघून एक काहीतरी सांगा, आणि पंचनामा होईपर्यंत विमानाला हात लावू नका. विपुल खाली जाऊन बघून आला. नाक जमिनीवर होतं, शेपूट पाण्यात होतं.

"नाक महत्त्वाचं," धाकलूनं सल्ला दिला. "नाक जिकडं, विमान तिकडं. आमच्या विमानतळावर तसंच धरायचे."

मग कुंडलिकरावांनी अंबूबाईला फोन लावला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"अंबू, आमी उतरलो गो."

"उतरला? आरं पन बेंजोवाले तर म्हंतात आभालात काय नाय. कुठं उतरला?"

"जरा अलीकडं."

"किती अलीकडं?"

"भातसालाच."

पलीकडे कोणीतरी जातं फिरवावं तसा मांडवातला गलका ऐकू येत होता. "म्हंजे तू निघालाच नायस, दादा."

"निघालो. वर पन गेलो."

"साडी हाय ना?"

"हाय. कोरडी हाय."

"मंग ऐक. नवऱ्याकडचे म्हंतात, मुहूर्त टलेल, कुनीतरी चुलतमामा हुबा करा नि दुकानातनं पिवली साडी आना. मी नाय म्हनले. माज्या पोरीला मामा हाय, उसना कशाला आनू? दिशा पन आडून बसलीय, मामाची साडी आल्याबिगर नेसनार नाय म्हन्ते. आता तू कसा येतस ते मला नको सांगूस. तू ये."

फोन कटला. कुंडलिकराव अंगठ्यावरून खाली आले ते एकदम म्हातारे होऊन आले.

पलीकडच्या काठावर, खूप लांब, घरं दिसत होती. तिघांनी ओरडून बघितलं. धाकलूनं सदरा काढून फिरवला. मग जाकिटं काढून फिरवली आणि परत गळ्यात अडकवली. एवढ्या लांबून ती सोनकीच्या फुलाएवढी दिसत असावीत. कोणी फिरकलं नाही.

विपुल घुटमळत म्हणाला, "काका, राग मानू नका. तुमची साडी लांब आहे. आणि पिवळी आहे."

"नाय."

"वर झाडाला बांधली तर त्या गावातून दिसेल."

"नवरीची साडी हाय ती. घडी मोडलेली नाय. नवरीच्या अंगावरच मोडायची ती."

"घडी नाय मोडली नि तू बी नाय गेलास, तर ती घडी काय उंबराला दाखवायचीय?" धाकलू म्हणाला. आयुष्यभर भलते सल्ले देणाऱ्या माणसानं अचानक एखादा बरोबर सल्ला दिला, की तो घेणं फार जड जातं.

कुंडलिकराव बराच वेळ पिशवी मांडीवर घेऊन बसले. मग उठले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. शेंदराच्या दगडांना पाय लागू नये म्हणून आधी हात जोडले आणि मग उंबराच्या वरच्या फांदीला साडीचं एक टोक बांधलं. वारा होताच. साडी उलगडली आणि उंबरावर अशी फडकली, की क्षणभर तिघांनाही बरं वाटलं.

आणि खरंच, थोड्या वेळानं पलीकडून होड्या निघाल्या. एक नाही, तीन. जवळ आल्या तशा त्या माणसांनी भरलेल्या दिसल्या. बाया होत्या, बाप्ये होते, एका होडीत मोठं पातेलं होतं आणि दुसरीत लाकडाचा भारा.

"जखमींना उचलायला पातेलं?" विपुल म्हणाला.

पहिल्या होडीतून एक म्हातारी उतरली. कपाळभर कुंकू, हातात ताट. ही धोंडूबाई. त्या अंगाच्या गावांत लग्न लागायचं तर आधी हिनं धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गायचे, मग बाकीच्यांनी काय करायचं ते करायचं, एवढा तिचा मान. होडी वल्हवणारा अनंता तिचा पुतण्या. धोंडूबाईनं विमानाकडे ढुंकून बघितलं नाही. उंबराकडे बघून हात जोडले आणि मग कुंडलिकरावांना विचारलं,

"बोकड कुठाय?"

"कसला बोकड?"

"नवसाचा."

"आवो बाय, आमचं विमान पडलंय," धाकलू म्हणाला.

"ते दिसलं ना," अनंता म्हणाला. "पडताना सगल्यांनी बगितलं. मंग तुमी वाचलाव, नि गावदेवीला पिवलं नेसवलंव, ते बी बगितलं. येवड्यातनं वाचलं मानूस तर बोकडच कबूल करनार, कोंबड्यावर कोन भागवतंय? म्हनून तांदूल, मसाला, सगलं घेऊन आलो."

विपुलनं कपाळाला हात लावला. विमान पडलेलं सगळ्या गावानं बघितलं होतं आणि कोणी हललं नव्हतं. साडी बघून गाव जेवायला आलं होतं.

मग सगळा उलगडा झाला. हे टेकाड म्हणजे त्यांच्या जुन्या गावाचा माथा. धरणाचं पाणी चढलं तेव्हा गाव पलीकडच्या काठावर गेलं. देवी जागा सोडायला तयार नव्हती, ती इथंच राहिली. नवस फेडायचा तो इथं येऊन, उंबराला पिवळं बांधून. पिवळं दिसलं की गावानं यायचं, बोलावण्याची वाट बघायची नाही.

कुंडलिकरावांनी सगळी हकिकत सांगितली. बोकड नाही, नवस नाही, भाची मांडवात बसलीय, आणि ही साडी तिची आहे. असं म्हणून ते फांदीकडे वळले, तर धोंडूबाईनं हात आडवा घातला.

"देवीला नेसवलेलं सोडवतस?"

"मी नेसवलं नाय बाय. नुसतं बांधलं."

"हात जोडून बांधलंस का तसंच?"

हात तर जोडले होते. आणि खोटं बोलायचा दिवसाचा वाटा कुंडलिकराव मघाशी विमानात संपवून बसले होते.

"मंग ते तिचं झालं," धोंडूबाई म्हणाली. रागानं नाही, जे आहे ते सांगितल्यासारखं.

कुंडलिकराव तिथंच मातीत बसले. एका पायात चप्पल, एक पाय चिखलानं माखलेला. "बाय," ते म्हणाले, "माजी भैन तिकडं सगल्यांशी भांडत हुबी हाय. माज्या पोरीला मामा हाय म्हन्ते. मी मोकल्या हातानं गेलो तर ती मला काय बोलनार नाय. पन ती खाली बगेल. ते मला नाय बगवनार."

धोंडूबाईनं शेकडो नवऱ्या मांडवात उभ्या केल्या होत्या. मग ती पदर खोचून दगडांपुढं बसली. "मी कोन देनार? तिलाच विचारू."

कौल लावायचा ठरला. देवीच्या दगडाला पाणी लावून उजव्या नि डाव्या अंगाला तांदळाचे दाणे चिकटवायचे. उजवा दाणा आधी पडला तर देवीचं हो, डावा पडला तर नाही. सगळे गोल करून उभे राहिले. धोंडूबाई देवीशी बोलली, शेजारणीशी बोलावं तशी. "तुजीच लेक समज गो. तुला परत आनून देतील."

डावा दाणा पडला.

"उजव्या अंगाला पानी जास्त झालं," धाकलू पुटपुटला. अनंतानं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं पुढचे सगळे सल्ले गिळले.

दुसऱ्यांदाही डावाच पडला. धोंडूबाई मागं टेकून बसली. "बरोबर हाय तिचं. अंगावरचं काडून घ्यायचं नि बदल्यात काय? नुसती जीभ? पिवलं घ्यायचं तर पिवलं द्या."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कोणाच्या अंगावर पिवळं नव्हतं. म्हणजे होतं, पण इतका वेळ गळ्यात अडकून राहिल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. कुंडलिकरावांनी खाली बघितलं आणि गळ्यातलं जाकीट काढलं.

"काका, थांबा. ते कंपनीचं आहे. त्याला नंबर आहे. पंचनाम्यात मोजतील."

"विपुल," कुंडलिकराव म्हणाले, "पडघ्याच्या नात्यानं तू माजा भाचाच लागतस. तुज्या लग्नाला मी काय पन आनीन. आज गप ऱ्हा."

धोंडूबाईनं जाकीट हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "हे काय करतं?"

"मानूस पान्यात बुडू नये म्हनून घालतात," कुंडलिकरावांनी सांगितलं.

खाली पसरलेल्या पाण्याकडे म्हातारीनं एकदा बघून घेतलं. "गाव बुडालं तवा हिला कुनी काय दिलं नवतं," ती म्हणाली, आणि दाणे पुन्हा लावले.

उजवा पडला. नीट दिसण्याइतका उजवा.

मग देवीला जाकीट चढवणं आलं. दगड वर निमुळता होता, त्यावरून ते बरोबर बसलं. धोंडूबाईला एक दोरी लोंबताना दिसली, ती तिला नीटनेटकी करून खोचायची होती. विपुल "आजी, लाल दोरी" एवढं म्हणेपर्यंत तिनं ती ओढलीसुद्धा.

फुस्स करून आवाज झाला आणि देवी फुगली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अंगानं भरली, दुप्पट झाली, तट्ट पिवळी होऊन बसली. सगळं गाव पालथं पडलं. धाकलू सगळ्यांत आधी पडला. आणि कुंडलिकरावांनी बघितलं, तर खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला, आतली सगळी यंत्रविद्या ठाऊक असलेला विपुलही गुडघ्यावर बसून हात जोडत होता.

"मान्य झालं तिला," धोंडूबाई म्हणाली. "सोडव आता तुजी साडी."

आता निघायची घाई. विपुलला विमान सोडून जाता येईना. चाचणी बुडाली तरी कॅप्टननं विमानाजवळ राहायचं असतं, असं तो म्हणाला. गावातले दोघं जण त्याच्या सोबतीला राहिले आणि पातेलंही तिथंच राहिलं, म्हणजे त्याला निदान भात तरी मिळणार होता. बाकीचे सगळे होड्यांत बसले. सगळे म्हणजे सगळे. बोकडाच्या आशेनं आलेलं गाव उपाशी परत पाठवणं कुंडलिकरावांना जमेना, म्हणून ते बोलून गेले, "चला म्हशाला, लग्नात जेवा." त्यांनी हे मोठ्या मनानं म्हटलं होतं आणि त्यांची कल्पना होती की लोक नको नको म्हणतील. लोक नको म्हणाले नाहीत.

काठावर अनंताच्या भावाची पिकअप होती, मासळी न्यायची. तिच्यात माणसं दाटली. धोंडूबाई पुढं ड्रायव्हरशेजारी, कुंडलिकराव मागं, साडी पुन्हा डोक्यावर, मासळीच्या वासापासून जमेल तितकी वर धरलेली. डोळखांब गेलं, टोकावडं गेलं. ऊन पिवळं पडायला लागलं तशी प्रत्येक वळणावर कुंडलिकराव सूर्याकडे अशा नजरेनं बघत, की जणू तोही नवऱ्याकडचाच कोणी आहे. मागं बायांनी गाणी सुरू केली होती.

म्हशाच्या नाक्यावर फ्लेक्स तसाच होता. त्याच्या खालून ते पिकअपमधून, बर्फाच्या रिकाम्या पेट्यांवर उभे राहून गेले. चहाच्या टपरीवरच्या एकानं आधी वर बघितलं, मग खाली बघितलं. कुंडलिकरावांनी मान दुसरीकडे फिरवली.

मांडवात भटजी घड्याळ बघून थकले होते. रंभा टेम्पोतून कधीची पोचली होती. ती नवऱ्याकडच्यांना एकच वाक्य सांगत होती, "येतील. मानूस चुकतं, पन येतं." नवरदेवाचा मामा, फेटा बांधलेला, पुढं झाला.

"काय पाव्हणं, विमान कुठं ठेवलंव?"

"देवीच्या राखनीत," कुंडलिकराव म्हणाले आणि सरळ आत गेले.

आतल्या खोलीत दिशा साध्या साडीत, केस मोकळे सोडून बसली होती. दारात अंबूबाई उभी होती. ती चिखलाकडे बघत राहिली, एका चपलेकडे बघत राहिली, मागं ओसरीवर दाटलेल्या अनोळखी गावाकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात पुढं केले आणि कुंडलिकरावांनी साडी त्यांत ठेवली. घडी मोडलेली होती. एका कडेला उंबराच्या सालीचा डाग होता. आणि वास लपण्यासारखा नव्हता.

"अंबू, ती जरा..." ते म्हणायला लागले.

"आली ना," अंबूबाई म्हणाली. तिनं खाली बघितलं नाही. डोळे पुसून तिनं मागच्यांकडे मान वळवली. "ही कोन मंडली?"

धोंडूबाईच पुढं झाली. "आमी त्या साडीबरोबर आलोत. पोरीला नेसवा लवकर, मी धवला धरते." आणि तिनं ओसरीवरच गायला सुरुवात केली. तिचा आवाज चढला तसा मांडवातला सगळा कुरबुरीचा सूर बसत गेला. जेवण पुरेल का या काळजीनं नवरीचा बाप पुन्हा पिंपं बघायला पळाला.

दिशा बाहेर आली ती मामाचा हात धरून. अंतरपाट धरला. कुंडलिकराव तिच्या पाठीशी, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवून उभे राहिले. भटजींनी उशिराचा सूड म्हणून मंगलाष्टकं सावकाश म्हटली. पहिलं कडवं झालं तेव्हा कुंडलिकराव ताठ होते. दुसऱ्याला त्यांच्या रात्रीच्या न झालेल्या झोपेनं आणि दिवसभराच्या पाण्यानं, उन्हानं, चिखलानं एकदम हिशेब मागितला. तिसऱ्याला त्यांचे डोळे मिटले. मामानं नवरीला आधार द्यायचा असतो, पण फोटोत बघाल तर नवरीच पाय रोवून उभी आहे आणि सगळा मामा तिच्या खांद्यांवर रेलला आहे. पुढून कोणाला कळलं नाही. तिला कळत होतं, पण ती हलली नाही.

अंतरपाट निघाला. अक्षतांचा मारा झाला, फटाके उडाले, आणि बारवीच्या काठावरून, उशिरा निरोप मिळून, नुकतीच परतलेली बेंजो पार्टी सगळा दिवसभराचा राग काढत एकदम वाजायला लागली. कुंडलिकराव दचकले आणि त्यांनी पुढचे खांदे घट्ट धरले.

"उतरलं का?" त्यांनी विचारलं.

दिशानं मागं वळून बघितलं नाही. हातात हार होता, समोर नवरा होता.

"उतरलं, मामा," ती म्हणाली. "आता सोडा."